मशीनला जागा केली, बाईला केली का?

अभ्यास पाठ: गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा. शेवटची कृती सगळ्यांनी मिळून करावी.



आपल्या नांदेड-लातूर भागात गटांचे उद्योग आता बऱ्यापैकी उभे राहिलेत. कुठं मिरची-हळदीचं कांडप, कुठं तुरीची डाळ, कुठं शाळेच्या गणवेशाची शिलाई, कुठं पापड-शेवया-कुरडया. उन्हाळ्याच्या तोंडावर चिंच फोडायचं काम तर घरोघरी.

उद्योग सुरू करताना आपण काय काय बघतो? मशीन किती एचपीचं, थ्री फेज लाईन आहे का, कच्चा माल कुठून आणायचा, विकायचा कुठं. मशीन कोणत्या भिंतीला बसवायचं यावर दोन-दोन बैठका होतात. पण त्या मशीनपाशी दिवसाचे सहा-सात तास जी बाई असणार, तिनं बसायचं कशावर, पाणी कुठं प्यायचं, लघवीला कुठं जायचं, लेकरू कुठं ठेवायचं, हा विषय ठरावाच्या वहीत येतच नाही. मशीन बसवून, पोती रचून जी जागा उरली, ती बाईची.

आजचा पाठ याच जागेबद्दल आहे.

मालकीण आणि मजूर एकच

दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला गेलं तर त्याच्यावर काही बंधनं असतात. 1948 च्या कारखाना कायद्यात हे लिहून ठेवलं होतं: प्यायचं पाणी हवं, आणि ते ठिकाण मोरी-संडासापासून सहा मीटर लांब हवं. बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह हवं. उभ्याने काम करणाऱ्याला मधूनमधून बसायची सोय हवी. 30 पेक्षा जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर हवं. पुढं 2020 च्या कामगार संहितेतही पाणी, स्वच्छतागृह, धुण्याची आणि बसण्याची सोय हे विषय आलेत.

पण आपल्यासारख्या दहा-बारा जणींच्या शेडात हे तपासायला सहसा कुणी येत नाही. त्यात आपलं एक वेगळंच असतं. आपल्या उद्योगात मालकीण आणि मजूर एकच बाई. मग मजूर म्हणून तक्रार कुणाकडे करायची? आपण म्हणतो, "आपलंच तर आहे, चालतंय की." कंबर धरते, चालतंय. मिरचीच्या भुकटीनं डोळ्यांची आग होते, चालतंय. संडास नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही, चालतंय.

दुसऱ्याच्या शेतात खुरपायला गेलो आणि पाणी मिळालं नाही, तर आपण तिथंच बोलतो. स्वतःच्या शेडात मात्र गप्प बसतो. नफा वहीत दिसतो, पण तो कुणाच्या कंबरेतून आला हे वहीत दिसत नाही. आणि मग एखादी ताई हळूहळू यायची बंद होते. विचारलं तर सांगते, "घरी काम असतंय." खरं कारण कुठंच लिहिलं जात नाही.

म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की करू: कामाच्या जागेची सोय म्हणजे उपकार नाही, लाडही नाही. जसा विजेच्या बिलाचा खर्च, तसा हा धंद्याचाच खर्च.

लिज्जतची गच्ची आणि खाट

बायकांच्या उद्योगाचं नाव काढलं की लिज्जत पापड आठवतो. 15 मार्च 1959 ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी मिळून पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल होतं उसने घेतलेले 80 रुपये. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. ही गोष्ट आपण प्रशिक्षणात ऐकलेली असते. पण पुढची गोष्ट क्वचित कुणी सांगतं.

त्यांची कामाची जागा म्हणजे उघडी गच्ची. पावसाळा आला तसे पापड वाळेनात, आणि चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी काय केलं? एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर पसरायचे, खाली स्टोव्ह ठेवायचा. पावसातही पापड वाळू लागले. काम बंद पडलं नाही, म्हणजे मजुरी बंद पडली नाही.

मोठी इमारत बांधायची त्यांनी वाट पाहिली नाही. अडचण जागेत आहे हे ओळखलं आणि परवडेल तेवढा बदल केला. शिकायचं ते हेच.

पुढं लिज्जतने कामाची पद्धतही बायकांचा दिवस बघून बसवली. सकाळी शाखेत पीठ मळलं जातं. बहिणी कालचे लाटलेले पापड आणून देतात, आजचं पीठ घेऊन घरी जातात. लाटायचं काम घरीच, आपल्या वेळेनं. ज्यांच्या घरात तेवढी जागा किंवा स्वच्छता राखणं जमत नाही, त्यांना शाखेतलं पीठ मळायचं, पुडे भरायचं काम करता येतं. आज तिथं 40 हजारांहून जास्त बहिणी आहेत.

घरी काम करण्यात सोय आहे, लेकरू नजरेसमोर राहतं. पण त्रासही आहे. घरातलं काम आणि धंद्याचं काम यातली वेळ वेगळी राहत नाही, रात्री अकरापर्यंत लाटणं चालतं. दुखलं-खुपलं तर बोलायला शेजारी मैत्रीण नसते. म्हणून घर की शेड, हे प्रत्येक गटाने आपल्या बायका बघून ठरवावं. काही कामं घरी आणि काही शेडात, असंही करता येतं.

पुण्याच्या कचरावेचक आणि केरळच्या सेल्सगर्ल

दुसरं उदाहरण आपल्याच राज्यातलं. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. त्यात बहुसंख्य बायका. त्यांची कामाची जागा म्हणजे रस्ता आणि कचराकुंडी. उकिरड्यात हात घालायचा, तिथंच उन्हात बसून भंगार निवडायचं, वर लोकांचे बोल ऐकायचे. संघटनेने आधी ओळखपत्रं मिळवली. पुढं याच बायकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि 2008 मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. बायका घरोघर जाऊन कचरा घेऊ लागल्या. ढकलगाडी, हातमोजे, कचरा निवडायला शेड, हे त्यांनी मागून, भांडून घेतलं. ओळखपत्र गळ्यात असलं की कुणी चोर म्हणून हटकत नाही. म्हणजे मान हीसुद्धा कामाच्या जागेची एक सोयच आहे.

तिसरं उदाहरण जरा लांबचं, केरळचं. कोळिकोड शहरातल्या कापड दुकानांमध्ये काम करणाऱ्या बायकांना दिवसभर उभं राहावं लागायचं. गिऱ्हाईक नसलं तरी बसायला मनाई, संडासला जायची सोय नाही. विजी पलितोडी या शिवणकाम करणाऱ्या बाईनं या बायकांना एकत्र केलं. बरीच वर्षं लढा दिल्यावर 2018 मध्ये केरळ सरकारने कायदा बदलला, आणि दुकानातल्या कामगाराला बसायची सोय देणं बंधनकारक झालं. 2021 मध्ये तामिळनाडूनेही तसा कायदा केला. बसायला मिळावं म्हणून बायकांना कायदा करून घ्यावा लागला. आपल्या शेडात तर त्यासाठी कायदाही लागत नाही. आपल्याच बैठकीतला एक ठराव पुरे.

शेडात बघायच्या पाच गोष्टी

1. बसणं-उठणं

आपल्याकडची बरीच कामं जमिनीवर बसून होतात. चिंच फोडायची तर मांडी घालून किंवा उकिडवं बसून, मान खाली घालून, तासन् तास. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळालंय, नाव मोठं झालंय. पण चिंच फोडणारीचे गुडघे तेच आहेत.

यावर उपाय साधे आहेत. चार-सहा बोटं उंच पाट घेतला की गुडघ्यावरचा ताण कमी होतो. पाठ टेकायला भिंत मिळेल अशी बसायची रांग लावा. फोडायचा दगड किंवा लाकडी ठोकळा थोडा वर घेतला की मान कमी वाकते. उभ्याने काम असेल तर टेबल कोपराच्या उंचीला असावं. सगळ्या बायका एका उंचीच्या नसतात, म्हणून दोन उंचीची टेबलं केली तर उत्तम. आणि एकच काम दिवसभर एकीला देऊ नका. दर तासा-दीड तासाला निवडणारी पॅकिंगला, पॅकिंगवाली वजनाला, अशी अदलाबदल करा. याला एक रुपयासुद्धा लागत नाही.

2. हवा आणि ऊन

आपलं शेड बहुतेक पत्र्याचं. एप्रिल-मे महिन्यात बाहेर 42 अंश असलं की पत्र्याखाली भट्टीच. उन्हाळ्याआधी पत्र्यावर बाहेरून पांढऱ्या चुन्याचा दाट हात मारला तर आत गरमी कमी होते. अहमदाबादमध्ये वस्त्यांमधली छपरं पांढरी करायचं काम याच कारणासाठी झालं. छताखाली तट्ट्या किंवा शेडनेटचं आढं करता येतं, मात्र चूल किंवा भट्टी असेल तिथं तट्ट्या लावू नका, आगीची भीती असते. उन्हाळ्यात कामाची वेळ बदला: सकाळी सात ते अकरा, मग चारनंतर.

कांडपाच्या शेडात हवेचा विषय जास्तच महत्त्वाचा. धर्माबाद भागातली मिरची नाव कमावून आहे, पण भुकटी नाका-डोळ्यांना सोडत नाही. वारा पाठीकडून यावा आणि भुकटी समोरच्या खिडकीतून बाहेर जावी, अशी बसायची जागा हवी. वारा कुठून कुठं जातो हे कळायला सोपी युक्ती: काम बंद असताना आणि भुकटी झाडून घेतल्यावर शेडात एक उदबत्ती लावा, धूर जातो कुठं ते बघा. भुकटी बाहेर ओढणारा पंखा त्याच बाजूच्या भिंतीला लावायचा. तोंडाला सुती रुमाल दुहेरी बांधा, मास्क मिळाला तर चांगलंच. रुमाल रोज धुवा. ज्या ताईला दमा आहे तिला मशीनजवळचं काम देऊ नका, आणि त्यासाठी तिची मजुरीही कमी करू नका.

3. पाणी आणि संडास

हा विषय बोलायला लाज वाटते, म्हणून तो मागं राहतो. संडास नाही, म्हणून बाई पाणी पीत नाही. पाणी पीत नाही, म्हणून लघवीला जळजळ, मग डोकं दुखणं, ताप, दवाखान्याचे फेरे. मुतखड्याचा त्रासही वाढतो. उन्हाळ्यात तर चक्कर येऊन पडायची वेळ येते. हे सगळं एका दाराच्या आणि एका बादलीच्या अभावानं.

आपला भाग पाणीटंचाईचा. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. टंचाई आली की संडासाला पाणी सगळ्यात शेवटी मिळतं. म्हणून शेड बघतानाच विचारा: पाणी बारा महिने आहे का? हात-पाय धुतलेलं पाणी संडासासाठी साठवता येईल का? स्वतःचा संडास बांधणं आज शक्य नसेल, तर शेजारची शाळा, अंगणवाडी किंवा ग्रामपंचायतीचा संडास वापरायची परवानगी लेखी घ्या आणि किल्ली गटाकडे ठेवा. दाराला आतून कडी, आत एक दिवा, पाळीच्या दिवसांसाठी झाकणाचा डबा, एवढं तरी हवंच. प्यायच्या पाण्याचा माठ कामाच्या जागेपासून हात लांबवला की मिळेल असा ठेवा. उठून लांब जावं लागलं की बाई जात नाही, हा अनुभव सगळ्यांचाच आहे.

4. लेकरं

लहान लेकरू असलेली ताई गटात असते, पण उद्योगात नसते. आणि आली तर लेकरू मशीनच्या पट्ट्याजवळ, कढईजवळ, मिरचीच्या ढिगाजवळ खेळत असतं. आईचं अर्धं लक्ष तिकडे. त्यात बोट अडकलं, चटका बसला, तर सगळ्या गटालाच जन्मभराचं दुःख.

शेडाच्या बाहेरच्या अंगाला, सावलीत, काठीनं आडोसा केलेला एक कोपरा पुरतो. एक सतरंजी, एक झोळी, थोडी खेळणी. महत्त्वाचं म्हणजे लेकरं सांभाळायची पाळी लावा आणि जिची पाळी असेल तिची हजेरी पूर्ण धरा. लेकरं सांभाळणं हे काम आहे, त्याची मजुरी मिळालीच पाहिजे. अंगणवाडीची वेळ आणि कामाची वेळ जुळवता येते का, हे सेविकाताईंशी बोलून बघा.

5. बोलायची जागा आणि निर्भय जागा

कामाच्या जागी शरीर बरं राहून भागत नाही, मनही बरं राहायला हवं. दुपारी भाकरी खायला सगळ्या एकत्र गोल बसतात का? की कुणी एकटी कोपऱ्यात बसते? तसं असेल तर ते का, हे प्रामाणिकपणे बघा. जातीवरून, विधवा आहे म्हणून, नवऱ्याच्या दारूवरून कुणाला वेगळं पाडलं जात असेल, तर तिथं कितीही चांगले पाट असले तरी ती जागा चांगली नाही.

दुसरं, भीती. माल भरायला येणारा ड्रायव्हर, व्यापारी, मशीन दुरुस्त करणारा, यांच्यापैकी कुणी वावगं बोललं-वागलं तर काय करायचं? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे. 10 किंवा त्याहून जास्त जणी काम करत असतील तर अंतर्गत समिती नेमावी लागते. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तक्रार लेखी, घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत करायची. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत मिळते. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर शेडाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. नंबर भिंतीवर असला की येणारा-जाणाराही जपून वागतो.

पैसे कुठून आणायचे?

हा प्रश्न येणारच. एक हिशोब करून बघू. समजा गटात 12 जणी आहेत आणि एक पाट 250 रुपयांना पडतो. एकूण 3,000 रुपये. आता समजा कंबर-गुडघ्याच्या त्रासाने महिन्याला सगळ्या मिळून चार खाडे होतात आणि रोजची मजुरी 300 रुपये आहे. म्हणजे महिन्याला 1,200 रुपयांची मजुरी बुडते. पाटामुळे त्यातले निम्मे खाडे जरी वाचले, तरी महिन्याला 600 रुपये वाचले. पाच महिन्यांत पाटाचे पैसे फिटले. दवाखान्याचा खर्च यात धरलेलाच नाही. तुमच्या गटाचे आकडे वेगळे असतील, ते घालून हाच हिशोब वहीत मांडा.

आणखी तीन वाटा आहेत. एक, नफा वाटण्याआधी थोडी रक्कम 'जागेची सोय' म्हणून बाजूला काढायचा ठराव करा. दोन, बँकेसाठी किंवा योजनेसाठी प्रकल्प अहवाल करताना मशीन आणि शेडच्या खर्चासोबत पाणी, संडास, हवा, बसायची सोय यांचा खर्च पहिल्यापासून लिहा. नंतर मागितलं तर मिळत नाही. तीन, ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला 10 टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो. महिला सभेत हा विषय मांडा, ठराव लिहून घ्या, त्याची नक्कल मागा.

ठरवणार कोण?

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरं दुरुस्त करायचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. घर मजबूत कसं करायचं, पैसे कसे मिळणार, काम बरोबर होतंय का, हे त्या गावाला समजावून सांगत होत्या आणि गावाचं म्हणणं अधिकाऱ्यांपर्यंत नेत होत्या. ज्या बायकांना बैठकीत कुणी विचारत नव्हतं, त्या सिमेंट-सळईबद्दल बोलू लागल्या. आपल्याच आया-सासवांच्या पिढीनं हे केलंय. मग शेडाचा नकाशा मिस्त्रीवर किंवा घरच्या गडीमाणसावर कशाला सोडायचा? तिथं काम करणारी बाईच तो चांगला सांगू शकते.

गटात करायची कृती

पायरी 1. जमिनीवर रांगोळीने बाईचा आकार काढा, पुढून एक आणि पाठीमागून एक. प्रत्येकीने हातात तुरीचे पाच दाणे घ्यायचे आणि कामामुळे जिथं दुखतं तिथं दाणा ठेवायचा. नाव सांगायचं नाही, कारण सांगायचं नाही. शेवटी बघा दाण्यांचा ढीग कुठं झाला. कंबरेवर झाला तर बसण्याचा प्रश्न, छातीवर किंवा डोळ्यांवर झाला तर हवेचा, ओटीपोटावर झाला तर पाण्याचा आणि संडासाचा.

पायरी 2. सगळ्या मिळून शेडात एक फेरी मारा. वर दिलेल्या पाच गोष्टींपैकी कोणत्या आहेत, कोणत्या नाहीत, ते वहीत लिहा. वयानं मोठ्या ताईला आणि गरोदर किंवा लेकुरवाळ्या ताईला आधी बोलू द्या. त्यांना जमेल अशी जागा सगळ्यांनाच जमते.

पायरी 3. तीन कामं निवडा: एक फुकटात होणारं, एक कमी खर्चाचं, एक मोठं. फुकटातलं याच आठवड्यात, कमी खर्चाचं पुढच्या बैठकीपर्यंत, आणि मोठ्यासाठी ग्रामसंघात ठराव. प्रत्येक कामापुढं जबाबदार ताईचं नाव आणि तारीख लिहा.

चर्चेसाठी प्रश्न

1. गेल्या वर्षभरात आपल्या उद्योगातून कोण-कोण यायची बंद झाली? तिला खरं कारण कुणी विचारलं का?
2. आपण मजुरीवर बाहेरच्या बायका बोलावतो तेव्हा त्यांना आपल्याइतकीच सोय मिळते का?
3. आपली मुलगी याच शेडात कामाला आली, तर कोणती गोष्ट आपण सर्वांत आधी बदलू?

तिसऱ्या प्रश्नाचं जे उत्तर येईल, ते पहिलं काम म्हणून वहीत लिहा. मुलीसाठी जे चालणार नाही, ते आपल्यासाठीही चालवून घ्यायचं नाही. तुमच्या गटाने केलेला बदल आणि त्याचा खर्च सहयोगिनीताईंकडे लिहून द्या. एका गटाची युक्ती दहा गटांच्या कामाला येते.